पिंजऱ्याला मालकीचा दाखला कशासाठी?

नांदणीच्या महादेवी हत्तिणीवरून २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सारा कोल्हापूर जिल्हा ढवळून निघाला होता. शिरोळ तालुक्यातील नांदणी येथील जैन मठात ही हत्तीण १९९२ पासून होती. गावकरी तिला माधुरी म्हणत. तिच्या प्रकृतीबद्दल आणि मिरवणुकांतील वापराबद्दल एका प्राणिहक्क संघटनेने तक्रार केली. उच्चाधिकार समितीने तिला मठातून हलविण्याचा निर्णय दिला, मुंबई उच्च न्यायालयाने १६ जुलै रोजी तो कायम केला आणि २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयानेही मठाची याचिका फेटाळली. लगोलग हत्तीण जामनगरच्या ‘वनतारा’कडे रवाना झाली. मग लोक रस्त्यावर उतरले. पायी मोर्चा निघाला, एका मोबाईल कंपनीवर बहिष्काराची मोहीम झाली, लोकप्रतिनिधींनी निवेदने दिली आणि राज्य सरकारनेही मठाच्या बाजूने न्यायालयात उभे राहण्याची तयारी दाखविली.

या साऱ्या गदारोळात वाद कशाचा झाला? हत्तीण कोणाची, याचा. मठाची की उद्योगपतीची, कोल्हापूरची की गुजरातची. पण मुळात हत्तीण कोणाची तरी का असावी, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. आम्ही तो विचारणार आहोत आणि आमचे उत्तर आधीच सांगून टाकतो. रानातले जनावर माणसाने पाळू नये. राजाने नाही, मठाने नाही, उद्योगपतीने नाही आणि पोटासाठी दारोदार फिरणाऱ्या गारुड्यानेही नाही. मात्र ‘कोणीच नाही’ हे तत्त्व या देशाच्या कायद्यात सरळ उतरलेले नाही. ज्याच्या खांद्यावर झोळी होती त्याचे जनावर काढून घेतले गेले आणि ज्याच्या हातात कागद होता त्याचा कागद पक्का करून देण्यात आला. आमचे भांडण आहे ते इथे.

कोणी म्हणेल, माणूस हजारो वर्षे जनावरे पाळतो आहे, मग हत्ती, पोपट, माकड यांनीच काय घोडे मारले? याचे उत्तर शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. बैल, शेळी, कोंबडी, कुत्रा ही जनावरे पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या दारातच जन्मली, दारातच व्याली. त्यांचे शरीर आणि स्वभाव दोन्ही माणसाच्या सहवासात बदलले. हत्तीचे तसे नाही. मठातल्या, देवळातल्या, सर्कशीतल्या हत्तींपैकी बहुतेकांचा उगम शोधत गेले तर वाट जंगलातल्या कळपापर्यंत जाते. हत्तिणीचा गर्भ २२ महिन्यांचा. पिल्लू आई, मावशी, आजी यांच्या कळपात वाढते आणि मादी तर जन्मभर त्या कळपाशी बांधलेली असते. अशा जनावराला कळपातून तोडून, साखळदंड आणि अंकुश यांच्या धाकाने वळण लावतात आणि मग आपण म्हणतो, किती माणसाळले आहे! प्रत्येक हत्तीला नव्याने मोडावे लागते, कारण त्याच्या जातीला माणसाने कधी पाळीव केलेलेच नाही.

या देशात रानटी जनावर पाळण्याचा सर्वांत मोठा हौशी वर्ग होता राजेरजवाड्यांचा, आणि त्यांच्या हौसेचा हिशेब चित्त्याच्या नावावर लिहिलेला आहे. अकबराने हजार चित्ते जमविले होते, असे जहांगीर आपल्या आत्मवृत्तात सांगतो. तोच पुढे नोंदवितो की, या चित्त्यांची बंदिवासात वीण होत नसे, एकदाच काय ती पिल्ले झाली. याचा अर्थ आम्ही वकील या नात्याने साक्षीपुराव्यासारखा लावतो. पाळलेला चित्ता पिल्ले देत नाही, तर शिकारखान्यातला प्रत्येक चित्ता रानातूनच धरून आणलेला असणार. एक मेला की दुसरा धरायचा. डोळ्यांवर टोपडे चढवायचे, जागवायचे, उपाशी ठेवायचे आणि हरणामागे सोडायचे. हे शतकानुशतके चालले. रान तुटले, शिकारी वाढल्या, इंग्रजांनी मारल्याबद्दल इनामे लावली, ही कारणे आहेतच. पण विसाव्या शतकात अशी वेळ आली की भावनगर, कोल्हापूर यांसारख्या संस्थानांना आपल्या हौसेसाठी आफ्रिकेतून चित्ते मागवावे लागले. इथले संपत आले होते. १९४७ साली कोरियाच्या महाराजांनी शेवटचे तीन चित्ते गोळ्या घालून मारले आणि १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये नामिबियाहून आठ चित्ते विमानाने कुनोत आणून सोडले, तेव्हा दूरचित्रवाणीवर सोहळा झाला. इथले चित्ते कोणाच्या हौसेपायी गेले, याचा उल्लेख त्या सोहळ्यात आम्ही तरी ऐकला नाही.

आता ते चित्ते धरून कोण देत होते, तेही पाहा. पारधी. चित्ता धरणारी, त्याला शिकविणारी ‘चित्ता पारधी’ म्हणून त्यांच्यात शाखाच होती. राजाच्या दरबारात त्यांच्या हुन्नरीला मोल होते. पण १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या राजवटीत जातीच्या जाती जन्मजात गुन्हेगार ठरविण्याचा सपाटा चालला, त्यात पारधीही सापडले. चित्ते पाळणारा महाराज झाला आणि चित्ता धरून देणारा चोर झाला. चित्ता ज्या वर्षी नामशेष म्हणून जाहीर झाला त्याच १९५२ साली या जमाती कागदोपत्री ‘विमुक्त’ झाल्या, हा योगायोगच. पण पुढचा इतिहास पाहता तो आम्हाला बोचतो.

पुढचा इतिहास म्हणजे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. हा चांगला कायदा आहे, हे आम्ही निःसंदिग्धपणे सांगतो. तो नसता तर वाघ आज केवळ कातड्यात दिसला असता. या कायद्याने शिकार बांधली, कातड्यांचा व्यापार बांधला, पक्ष्यांचा बाजार बेकायदा ठरविला. त्याच्या जोडीला १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा होताच. त्याखाली १९९८ साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करण्यास मनाई केली. सर्कसवाले न्यायालयात गेले. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी उचलून धरली.

या बंदीचा फटका सर्कशीच्या मालकाला बसला, तसाच दरवेशालाही बसला. आमच्या वयाच्या वाचकांना आठवत असेल, गावात दरवेशी अस्वल घेऊन येत. पोरांना अस्वलावर बसवीत, केसाचा ताईत देत. त्या अस्वलाची कहाणी मात्र भयंकर होती. पिल्लू मिळविण्यासाठी आधी त्याच्या आईला मारायचे. मग तापलेल्या सळईने पिलाचे नाक-टाळू भोसकून त्यातून दोर ओवायचा. सुळे पाडायचे. दोराला हिसका बसला की वेदनेने ते जनावर पाय उचलते, त्याला आम्ही नाच म्हणत होतो. हे बंद झाले ते योग्यच झाले. स्वयंसेवी संस्थांनी सहाशेहून अधिक अस्वले सोडवून आग्रा, बन्नेरघट्टा अशा ठिकाणच्या केंद्रांत ठेवली आणि २००९ च्या अखेरीस शेवटचे नाचते अस्वल सुटल्याचे जाहीर झाले. काही संस्थांनी कलंदरांच्या मुलांना शाळेत घातले, बायकांना शिलाईयंत्रे दिली, रिक्षा घेऊन दिल्या. हे काम संस्थांनी केले. ज्या सरकारने बंदी घातली, त्या सरकारच्या अधिसूचनेत दरवेशाच्या पोटाबद्दल एक ओळही नव्हती.

आणि त्याच अधिसूचनेच्या यादीत हत्ती नव्हता! वाघ-सिंह होते, माकडसुद्धा होते, हत्ती नव्हता. का नव्हता? सुळ्याला दोर बांधून कोणी गरीब भीक मागत फिरत असेल, तर तो अपवाद. बहुतेक हत्ती देवळांत होते, मठांत होते, जमीनदारांच्या दारात होते, लाकडाच्या व्यापारात होते.

हत्तीची ही लाडकी जागा कायद्यात किती खोल आहे, ते कलमे वाचल्याशिवाय कळत नाही. मूळ कायद्याच्या ४२ व्या कलमात ‘मालकी प्रमाणपत्र’ आहे. मुख्य वन्यजीव रक्षकाने ते द्यायचे. २००३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने नियम कडक केला. यापुढे प्रमाणपत्राशिवाय कोणीही बंदी प्राणी मिळवायचा नाही, ठेवायचा नाही, केवळ वारसाहक्काने आला तरच, आणि तेही ९० दिवसांत जाहीर करून. प्रमाणपत्र असले तरी विक्री नाही. इथपर्यंत ठीक. पण त्याला जोडून परंतुक आले की, मिळविण्या-ठेवण्याची ही बंधने जिवंत हत्तीला लागू नाहीत. मग विक्रीवरची बंदी तेवढी उरली, आणि ती चुकवायला ‘दान’, ‘भाडेपट्टा’, ‘देवाला अर्पण’ हे शब्द आपल्याकडे पुष्कळ आहेत. २०२२ मध्ये पुन्हा दुरुस्ती झाली. हत्तीच्या बाबतीत ती आणखी सैल झाली. मालकी प्रमाणपत्र असलेल्याला ‘धार्मिक किंवा अन्य कोणत्याही प्रयोजनासाठी’ हत्तीचे हस्तांतरण करता येईल, अटी सरकार ठरवील. ‘अन्य कोणत्याही’ या शब्दांतून कोणता हत्ती जाणार नाही? २०२४ मध्ये त्या अटींचे नियमही निघाले. पशुवैद्यकाचा दाखला, वाहतुकीची परवानगी, अनुवंशिक नोंद. कागद अधिक व्यवस्थित झाले एवढेच.

कोल्हापूर जिल्ह्याने हे पूर्वीही पाहिले आहे. जोतिबाच्या देवस्थानाला २००७ साली ‘सुंदर’ नावाचा हत्ती भेट मिळाला. त्याला साखळदंडात बांधून मारहाण होत असल्याचे प्रकरण देशभर गाजले, न्यायालयीन लढाई झाली आणि २०१४ च्या जूनमध्ये तो बन्नेरघट्ट्याला गेला. भेट देणाऱ्याला पुण्य मिळाले असेल. हत्तीला काय मिळाले, ते न्यायालयाच्या कागदपत्रांत आहे.

नांदणीच्या निकालात उच्च न्यायालयाने जे म्हटले त्याचा आशय असा की, हत्तिणीचे चांगले जगणे आणि धार्मिक कामासाठी तिचा वापर यांत विरोध आला तर हत्तिणीचे जगणे वरचढ ठरेल. हे तत्त्व आम्हाला शंभर टक्के मान्य आहे. जे गावकरी तिच्यासाठी रडले त्यांच्या अश्रूंवरही आमचा अविश्वास नाही. तेहतीस वर्षे जी डोळ्यांसमोर होती ती रातोरात गेली, तर माणूस रडणारच. पण प्रेम हा मालकीचा पुरावा होत नाही. तिच्या पायांना जे आजार जडले ते फरशीवर, एकटीने, वर्षानुवर्षे उभे राहून जडले, आणि प्रेमाने फरशीची माती होत नाही.

हत्तीण गेली ती मात्र एका बड्या उद्योगसमूहाच्या केंद्रात. त्या केंद्राबद्दल सर्वोच्च न्यायालयाने विशेष तपास पथक नेमले, पथकाला काही गैर आढळले नाही आणि १५ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायालयाने तो अहवाल स्वीकारला. त्या निष्कर्षाशी आम्हाला भांडायचे नाही. तिथे उत्तम दवाखाने असतील, उत्तम डॉक्टर असतील. प्रश्न असा आहे की, कायद्याच्या ३९ व्या कलमात जप्त वन्यप्राणी सरकारची मालमत्ता म्हणून सांगितला आहे. मालमत्ता सरकारची, तर निवारा श्रीमंताच्या मर्जीचा का? महाराष्ट्रासारखे राज्य एका आजारी हत्तिणीला स्वतःच्या भूमीवर, स्वतःच्या खर्चाने, माती-पाणी आणि दुसऱ्या हत्तींची सोबत देऊ शकत नाही, ही लाजेची गोष्ट आहे. मोर्चा काढायचा तर त्यासाठी काढायला हवा होता.

हत्ती हा मोठा प्राणी, म्हणून त्याची चर्चा होते. शहरांतल्या फ्लॅटमधून जे चालले आहे त्याची होत नाही. मकाव पोपट, इग्वाना, मार्मोसेट माकड, बॉल पायथन. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, आग्नेय आशिया इथून आलेली ही जनावरे. आमचा १९७२ चा कायदा मुख्यत्वे देशी प्राण्यांपुरता होता, त्यामुळे परदेशी प्राणी एकदा सीमेच्या आत आला की त्याला विचारणारे कोणी नव्हते. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवला तर गुन्हा आणि लाखांचा मकाव ठेवला तर छंद! मग २०२० च्या जूनमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने योजना आणली. तुमच्याकडे असे प्राणी असतील तर सहा महिन्यांत स्वेच्छेने जाहीर करा, ते कुठून आणले याची कागदपत्रे मागणार नाही. मुदत पुढे मार्च २०२१ पर्यंत वाढली. हजारोंनी जाहीर केले. २०२२ च्या दुरुस्तीने अखेर आंतरराष्ट्रीय करारातील प्रजाती कायद्यात आल्या आणि २०२४ च्या नियमांनी नोंदणीसाठी आणखी सहा महिने दिले. सरकारची बाजू अशी की, मोजदाद झाल्याशिवाय नियंत्रण करता येत नाही. त्यात तथ्य आहे. पण २००३ मध्येही १८० दिवसांची अशीच ‘शेवटची संधी’ दिली होती. त्यात घराघरांतील कातडी, शिंगे, सुळे जाहीर झाले. दर वीस वर्षांनी शेवटची संधी मिळत असेल, तर चोरटा व्यापार करणारा शहाणा माणूस काय करील? थांबेल.

अशी एखादी शेवटची संधी गारुड्याला मिळाल्याचे आम्हाला आठवत नाही. वीस वर्षांच्या वकिलीत अशी प्रकरणे आमच्याकडे फी घेऊन कधी आली नाहीत, तशीच आली. एका तालुक्याच्या न्यायालयात उभा केलेला साठीचा गारुडी आम्हाला आठवतो. पंचनामा फार नेटका होता. नाग एक, लांबी इतकी, बांबूची टोपली एक, पुंगी एक, मळकट कापड एक. सगळा मुद्देमाल. त्या नागाचे दात काढलेले होते. असा नाग रानात सोडला तरी शिकार कशी करणार, हे सांगायला कोणी नको. त्याच्यावर अन्याय झालाच होता आणि तो करणारा आमचा अशील होता, हे आम्ही नाकारले नाही. न्यायालयाने जामीनही दिला. पण जामीनदार कोठून आणायचा? सातबारा नाही, घरपट्टीची पावती नाही, रेशनकार्डावरचा पत्ता दुसऱ्याच जिल्ह्यातला. जामीन मंजूर होऊन तो तीन आठवडे आतच राहिला. मागे पालावर त्याच्या नातवंडांनी काय खाल्ले, हे पंचनाम्यात लिहायचा रकाना नसतो.

आणि याच महाराष्ट्रात २०२५ च्या नागपंचमीला, बत्तीस शिराळ्यात मोजके नाग धरण्याची मर्यादित परवानगी केंद्राकडून आली. प्रयोजन काय? शैक्षणिक! उच्च न्यायालयाच्या बंदीनंतर अनेक वर्षे जे थांबले होते, त्याला शिक्षणाचे नाव मिळाले. गारुडी गावोगाव फिरून पोरांना नाग दाखवीत होता, तेही एका अर्थी शिक्षणच होते म्हणायचे. दोन्ही थांबावे असे आमचे मत आहे. पण एकच थांबत असेल, तर संविधानाचे १४ वे कलम काढून त्यावर बोट ठेवणे आमचे कर्तव्य आहे.

आता थोडे स्वतःच्या वस्तीकडे वळू. आमच्या चाळींत, झोपडपट्ट्यांत, क्वार्टर्समध्ये दाराशी टांगलेला पोपटाचा पिंजरा काही दुर्मिळ नाही. ‘जयभीम’ म्हणायला शिकविलेले पोपटही आम्ही पाहिले आहेत आणि त्याचे कौतुक करणारे कार्यकर्तेही. हा गुन्हा आहे हे कित्येकांना ठाऊक नसते. कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. बाजारात विकला जाणारा हा पोपट झाडाच्या ढोलीतून पिल्लू असतानाच काढलेला असतो. जितकी काढतात तितकी जगत नाहीत. जगली त्यांचे पंख छाटतात. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये पक्ष्यांना आकाशात उडण्याचा अधिकार आहे, असे म्हटले होते. अर्थात वाचकांची दिशाभूल नको म्हणून हेही सांगितले पाहिजे की, २०१४ च्या नागराज प्रकरणात सर्वोच्च न्यायालय प्राण्यांच्या अधिकारांबाबत बरेच पुढे गेले होते, पण २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने जल्लिकट्टू व आपल्या बैलगाडा शर्यतींचे कायदे वैध ठरविताना, प्राण्यांना मूलभूत अधिकार देण्यापर्यंत जाण्यास नकार दिला. तेव्हा उडणे हा पोपटाचा मूलभूत अधिकार आहे असे कायद्याने आज ठामपणे म्हणता येत नाही. ५१-अ कलमातील जीवमात्रांविषयी करुणा बाळगण्याचे आपले मूलभूत कर्तव्य मात्र जागच्या जागी आहे.

सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर कोरविलेल्या, जे प्राणी मारू नयेत त्यांची यादी आहे. त्या यादीत पहिले नाव पोपटाचे आणि दुसरे मैनेचे. त्याच लेखाच्या शेवटी राजा सांगतो की, या काळात आपण पंचवीस वेळा कैद्यांना मुक्त केले. एकाच शिळेवर पक्षी आणि कैदी. भगवंतांनी उपासकाला जे व्यापार वर्ज्य सांगितले त्यांत ‘सत्तवणिज्जा’, म्हणजे जिवंत प्राणिमात्रांचा व्यापार, स्पष्ट आहे. हे सांगताना एक जुनी खोडही दाखवू. काही बौद्ध देशांत पुण्यासाठी पक्षी विकत घेऊन सोडण्याची प्रथा आहे आणि आपल्याकडचे काही उपासकही तिचे अनुकरण करू लागले आहेत. इतर धर्मीयांतही ही हौस आहे. सोडण्यासाठी विकत घेतलेला पक्षी आधी कोणीतरी पकडलेला असतो. तुमच्या पुण्याची ऑर्डर मिळाली म्हणूनच तो पकडलेला असतो.

ज्यांच्या घरी पोपट आहे त्यांनी हा लेख वाचून पिंजऱ्याचे दार उघडून मोकळे होऊ नये. छाटलेल्या पंखांचा पक्षी खाली मांजराच्या तोंडी जातो. वनविभागाचा १९२६ हा दूरध्वनी क्रमांक आहे, त्यावर कळवावे. आणि वनविभागानेही, स्वतःहून पक्षी आणून देणाऱ्या गरिबावर गुन्हा नोंदवून आपला कार्यभार वाढविल्याचे दाखवू नये. श्रीमंताच्या मकावाला सहा महिने मिळतात, तर वस्तीतल्या म्हातारीच्या राघूला सहा दिवस तरी द्या!

प्रेमाचा मुद्दा इथे पुन्हा येतो. उत्तर प्रदेशात अमेठीच्या एका शेतकऱ्याला २०२२ साली शेतात जखमी सारस सापडला. त्याने मलमपट्टी केली. पक्षी बरा झाला पण गेला नाही, मोटारसायकलमागे उडत राहिला. पिंजरा नव्हता, दोर नव्हता. चित्रफिती पसरल्या, नेते भेटायला आले आणि २०२३ च्या मार्चमध्ये वनखात्याने पक्षी उचलून नेला, त्या माणसाला नोटीस दिली. सारस शेवटी कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात, म्हणजे पिंजऱ्यात पोहोचला. कायद्याची अक्षरे पाहिली तर खाते चुकले असे म्हणता येणार नाही. तरीही जखमी पक्ष्यावर उपचार करणारा आणि पक्षी विकत आणून टांगणारा यांत फरक करता येत नसेल, तर तो कायदा अजून अपुरा आहे. हेमलकशाला प्रकाश आमटे यांनी माडियांच्या शिकारीत अनाथ झालेली पिल्ले सांभाळली, आणि त्यांच्याकडे पिल्ले येऊ लागली तशी लोकांची शिकारही कमी झाली. तिथेही आम्हाला जनावरांच्या गळ्यात पडून काढलेल्या छायाचित्रांपेक्षा, मारणे थांबविण्याचा तो जिवंत व्यवहार मोलाचा वाटतो. अनाथाला आसरा देणे वेगळे आणि आसऱ्याच्या नावाने संग्रह करणे वेगळे, एवढा भेद न्यायाधीशाला नक्की करता येईल.

आमच्यातले काही मित्र विचारतात, अहो, माणसांना न्याय नाही आणि तुम्ही पोपट-हत्तीचे काय घेऊन बसलात? हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना पाणी पिण्यास मोकळीक होती आणि आमच्या बापजाद्यांना नव्हती. जनावरांची दया सांगून माणसाला दूर ठेवणारे ढोंग आम्ही पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. म्हणून तर आम्ही म्हणतो की हा विषय त्यांच्या हाती सोडू नका. त्यांच्या हाती राहिला तर हत्ती मठात जाईल, मकाव बंगल्यात जाईल आणि गारुडी कोठडीत जाईल. जिवंत प्राण्यावर दुसऱ्याची मालकी असते आणि तिचा दाखला सरकार देते, ही कल्पनाच आमच्या अंगावर काटा आणणारी आहे. ती कल्पना आपल्याकडे माणसांच्या बाबतीतही होती.

गारुड्यांचे करायचे काय, यावर उत्तर नाही असे जे सांगतात त्यांनी तामिळनाडूकडे पाहावे. तिथले इरुळा हे सापाच्या कातड्याच्या व्यापाराला साप पुरविणारे आदिवासी. १९७२ च्या कायद्यानंतर तो व्यापार बंद झाला आणि त्यांची चूलही विझली. १९७८ साली चेन्नईजवळ वडनेम्मेली इथे त्यांची सर्पविष सहकारी संस्था उभी राहिली. सरकारच्या परवान्याने ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप पकडतात, काही आठवडे ठेवून विष काढतात, पोटाच्या खवल्यावर खूण करतात, म्हणजे तोच साप पुन्हा धरला जात नाही, आणि परत रानात सोडतात. ते साप पाळत नाहीत. सर्पदंशावरील लस बनविणाऱ्या संस्थांना त्यांचे विष जाते. २०२३ मध्ये या समाजातील दोघांना पद्मश्री मिळाली. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे मेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मरणारे बहुतांशी शेतात राबणारे, अनवाणी चालणारे, जमिनीवर निजणारे. म्हणजे आपलेच लोक.

महाराष्ट्रात परळला हाफकिन आहे, तिथे सर्पदंशावरील लस बनविण्याची दीर्घ परंपरा आहे. महाराष्ट्रात गारुडी आहेत, ज्यांना मातीवरचा माग पाहून साप कोणता ते कळते. या दोघांची गाठ सरकारने आजवर घालून दिली नाही. रेणके आयोगाने २००८ च्या अहवालात भटक्या-विमुक्तांची देशभरची लोकसंख्या सुमारे पावणेअकरा कोटी धरली होती. त्यांच्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये ‘सीड’ योजना आणली, पाच वर्षांसाठी २०० कोटींची. भागाकार करून पाहा. पाच वर्षे मिळून माणशी वीस रुपयेही होत नाहीत. टोपलीतला नागही एवढ्यात मिळत नसे.

तेव्हा विधिमंडळात ज्यांना आपण पाठविले आहे, त्यांनी येत्या अधिवेशनात दोन साधे प्रश्न विचारावेत. राज्यात आज किती हत्ती खासगी ताब्यात आहेत, त्यांतील किती मालकी प्रमाणपत्राशिवाय आहेत आणि त्यांच्या मालकांवर किती गुन्हे नोंदले? आणि गेल्या दहा वर्षांत वन्यजीव कायद्याखाली किती गारुडी, दरवेशी, माकडवाले आणि पारधी पकडले, त्यांतील किती जण केवळ जामीनदार नसल्यामुळे आत राहिले? दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी ठेवून सभागृहाच्या पटलावर यावीत. हत्तीला दिलेली सवलत कायद्यातून काढणे संसदेच्या हातात आहे, त्यासाठी खासदारांकडे जावे लागेल. पण गारुड्यांची सर्पविष सहकारी संस्था नोंदविण्यासाठी दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. सहकार खाते मुंबईत आहे, हाफकिनही मुंबईत आहे.